पंढरीची वाट आणि मुक्कामाचे छप्पर

सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्या आपणां मंडळींस पंढरीची वाट कोणी दाखवावी लागत नाही. आषाढ जवळ आला म्हणजे धर्मपुरीवरून ज्ञानोबांची पालखी आपल्या जिल्ह्यात प्रवेश करते. सराटीच्या मुक्कामानंतर नीरा ओलांडून तुकोबांची पालखी अकलुजास येते. आणि शेगावची गजानन महाराजांची पालखी तर उळ्यावरून थेट आपल्या शहरात शिरते व येथील मुक्काम आटोपून तिऱ्हे-मंगळवेढ्याच्या मार्गास लागते. आपल्या ज्ञातीत पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात तुळशीची माळ असलेली घराणी आहेत, तशीच अलीकडच्या काही वर्षांत या वाटेला नव्याने लागलेली कुटुंबेही आहेत. या नव्या वारकऱ्यांची रीत साधारणतः अशी असते: दिवसभर पालखीबरोबर पायी चालावे, सायंकाळी मोटारीने अकलूज, फलटण किंवा पंढरपूर येथील एखादे नीटनेटके हॉटेल गाठावे, ऊन पाण्याने स्नान करून गादीवर निजावे, आणि पहाटे आदल्या दिवशी वाट सोडली त्या जागी परत येऊन दिंडीत मिसळावे.

यावरून ज्ञातीच्या बैठकांतून दोन मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, ही वारी नव्हे, सहल होय. तरुण मंडळी उत्तर देतात, पाय तर आमचेच झिजले ना? वादाला दोन्हीकडून जोर असतो. परंतु वारकरी आजवर रात्री कोठे आणि कोणाच्या आश्रयाने निजत आला, हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. वारीच्या दिवसाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. तिच्या रात्रीचा इतिहास मात्र विस्कळीत पडून आहे, आणि आमच्या मते आजच्या वादाचे मर्म त्या रात्रीतच आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वारी म्हणजे आरंभापासून केवळ हालअपेष्टांचे व्रत होते, असे नव्हे. तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ साली पालखीचा प्रघात पाडला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, १८३२ च्या सुमारास, हैबतरावबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वर माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला. हैबतबाबा हे सातारा जिल्ह्यातील आरफळचे, शिंदे सरकारच्या पदरी चाकरी केलेले गृहस्थ. लष्कराचा तळ कसा पडतो आणि कसा उठतो, हे त्यांनी पाहिलेले होते. त्यांच्या सोहळ्याची घडण पाहावी: निशाण आहे, नगारा आहे, चोपदार आहेत, पुढे घोडे आहेत, दिंड्यांचा क्रम ठरलेला आहे. अंकलीच्या शितोळे सरदारांनी या सोहळ्यास घोडे दिले, तंबू दिला. आजही अश्व अंकलीहून आळंदीस येतात. म्हणजे पादुकांना छप्पर होते, मानकऱ्यांना राहुट्या होत्या, आणि ज्याच्या गाठीस द्रव्य होते त्याच्या दिमतीस गाडी, बैल व चाकरही असत. पंढरपुरात तर होळकर सरकारचा वाडा आहे, शिंदे सरकारचा वाडा आहे. राजघराण्यांनी हे वाडे देवदर्शनास आल्यावर सुखाने राहता यावे म्हणूनच बांधले. त्या काळी ‘हॉटेल’ हा शब्द नव्हता, इतकाच काय तो फरक.

सामान्य वारकऱ्याची रात्र मात्र निराळी होती. देवळाची ओवरी, चावडीचा ओटा, कुणाच्या घराची पडवी, आणि तेही न मिळाले तर बाभळीखालची ओली जमीन. जवळ एक वळकटी, एक तांब्या, एक पडशी. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर. ते सुमारे अठरा-वीस दिवसांत काटायचे, आणि मृगाचा व आर्द्राचा पाऊस ऐन त्याच दिवसांत पडायचा. दिंडीत नाव घातलेल्यास थोडी सोय अधिक. दिंडीचालकाकडे भिशी भरली की दोन वेळचे अन्न व पालात पाठ टेकण्यापुरती जागा मिळे. पूर्वी हे सामान बैलगाड्यांतून जाई, पुढे मालमोटारी आल्या. आज एकेका दिंडीचा मालट्रक, पाण्याचा टँकर आणि स्वयंपाकाचा गॅस पालखीच्या आधी तळावर पोहोचलेला असतो. यालाही कोणी ‘सुखसोय’ म्हणून नावे ठेवीत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पंढरपुरात पोहोचल्यावर पूर्वी यात्रेकरू उतरत तो बडवे, उत्पात व इतर क्षेत्रोपाध्यांच्या घरी. त्यांच्या चोपड्यांतून घराणेवार नोंदी असत. कोणत्या गावचा यजमान कोणाचा, हे ठरलेले असे. यजमानाने दक्षिणा द्यावी आणि उपाध्यायाने माडीवर वा पडवीत जागा द्यावी, असा तो व्यवहार होता. बडवे-उत्पातांचे मंदिरातील वंशपरंपरागत हक्क १९७३ सालच्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने रद्द झाले आणि दीर्घ दाव्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. परंतु घरी उतरण्याची जुनी चाल त्याच्या कितीतरी आधीच क्षीण होत आली होती. एका घरात मावतील त्याहून कितीतरी अधिक माणसे यात्रेच्या दिवसांत कोंबली जात. नदीचे पाणी तेच, विहिरीही त्याच. पटकीची साथ एकोणिसाव्या शतकात यात्रेबरोबर चाले, ही गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीस चांगली ठाऊक होती. यात्रेस निघताना घरच्यांचा निरोप घेताना डोळ्यांत पाणी येई ते उगीच नव्हे. तेव्हा स्वच्छ पाणी, कोरडी जागा व शौचाची सोय मागणे ही चैन आहे, असे ज्यांस वाटते त्यांनी त्या साथींचे स्मरण करावे.

यानंतर आगगाडीचा प्रसंग येतो, आणि तो फार बोधप्रद आहे. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रुळांचा छोटा फाटा १८९७ साली बार्शी रोड स्टेशन, म्हणजे आजची कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत सुरू झाला. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याची ती योजना. १९०६ साली ही गाडी पंढरपुरास पोहोचली. तोवर पंढरीस पायी जाणे ही बहुतेकांची निकडच होती. दुसरे साधन नव्हते. गाडी आल्यावर मात्र पायी जाणे हा निश्चय झाला. लाखो लोक गाडीने जाऊ लागले, तरीही पालख्यांबरोबरची गर्दी ओसरली नाही, उलट वाढत गेली. जो आज चालतो तो चालावेसे वाटते म्हणून चालतो. या अर्थी, हॉटेलात उतरणारा आजचा तरुण आणि १९०६ नंतर गाडी सोडून मुद्दाम पायी निघालेला त्याचा पणजोबा, हे दोघे एकाच जातीचे वारकरी आहेत. दोघांनीही सोय उपलब्ध असताना गैरसोयीचा काही भाग आपखुशीने पत्करला आहे. कोणता भाग, एवढाच भेद.

आता आपण अधिक अवघड प्रश्नाकडे येऊ. ज्ञातीच्या स्मरणिकेत तो मांडणे काहींस अप्रस्तुत वाटेल, परंतु आम्हांस तो येथेच मांडणे योग्य वाटते.

वारीच्या वाटेवर दिवसा सर्वांच्या मुखी एकच नाम आणि पायांखाली एकच रस्ता असतो. एकमेकांच्या पाया पडताना कोणी कोणाची जात विचारीत नाही. परंतु सूर्य मावळला, पाने मांडण्याची आणि अंथरुणे पसरण्याची वेळ झाली, की जुन्या काळी जाती जागच्या जागी येऊन बसत. इरावतीबाई कर्वे दिंडीबरोबर चालल्या; त्यांच्या ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी हीच गोष्ट नोंदविली आहे. एकाच दिंडीत ब्राह्मण व मराठा मंडळी दिवसभर सोबत गात चालत, आणि भोजनास मात्र निरनिराळी बसत. त्या लेखाचे इंग्रजी रूपांतर १९६२ साली परदेशी विद्वानांच्या नियतकालिकातही प्रसिद्ध झाले. दि. बा. मोकाशी १९६१ साली माउलींच्या पालखीबरोबर गेले व १९६४ साली त्यांचे ‘पालखी’ हे पुस्तक निघाले. रात्रीचे मुक्काम कसे असतात हे ज्यांस जाणून घ्यावयाचे असेल, त्यांनी ही दोन लेखने अवश्य वाचावीत.

ज्यांस अस्पृश्य मानले गेले त्यांची कथा तर याहून कठोर. आपल्याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याचे चोखोबा. त्यांचे देहावसान वेशीच्या भिंतीचे काम चालू असता भिंत कोसळून झाले, आणि त्यांची समाधी विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर, बाहेर आहे. देवाच्या दारापर्यंत ते गेले, आत गेले नाहीत. मग त्यांच्या मागून येणाऱ्या महार-मांग-चांभार वारकऱ्यांना रात्रीपुरते छप्पर कोण देणार? बडव्यांची घरे त्यांच्यासाठी नव्हती, आणि ज्ञातिज्ञातींच्या धर्मशाळाही नव्हत्या.

ज्ञातींच्या धर्मशाळांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी अशा कामासाठी वर्गणी दिलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून निरनिराळ्या ज्ञातींनी पंढरपुरात स्वतःच्या धर्मशाळा व मठ बांधले. त्यामागे अभिमान होता, आणि निकडही होती. परक्या घरी विटाळ-सोवळ्याचे प्रश्न येत, अपमान होई, बायकामुलांची कुचंबणा होई. आपल्या माणसांस आपल्या छपराखाली निर्धास्तपणे उतरता यावे ही भावना त्या काळी अगदी स्वाभाविक होती. भिंतींवर ‘अमुक यांचे स्मरणार्थ’ अशा संगमरवरी पाट्या लागल्या. कोणी खोली बांधली, कोणी पायऱ्या, कोणी विहिरीवरचा रहाट. देवस्थानास लहानमोठ्या देणग्या देऊन त्या दगडावर कोरून ठेवण्याची रीत पंढरपुरात जुनीच आहे. यादव रामचंद्राच्या काळचा, १२७३ ते १२७७ या वर्षांतील देणग्यांची नोंद असलेला ‘चौऱ्यांशीचा’ शिलालेख विठ्ठलमंदिरात आहेच. पाट्यांची हौस आपल्या पिढीने नव्याने काढलेली नाही!

परंतु जी धर्मशाळा आपल्यास आसरा होती तीच दुसऱ्यास बंद दार होती, हे नाकारून चालणार नाही. हे दार ज्यांस प्रथम खुपले त्यांत श्री गाडगे महाराजांचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. स्वतः फुटके गाडगे व चिंध्यांचे वस्त्र याखेरीज काही न बाळगणाऱ्या या पुरुषाने पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. पंढरपुरातील चोखामेळा धर्मशाळा ही त्यांनी १९२० च्या सुमारास, ज्यांस कोठेच आसरा नव्हता त्यांच्यासाठी बांधली, आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंचे छप्पर विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावे, हा विचार किती दूरदृष्टीचा! महाराजांची धर्मशाळा बांधण्याची दृष्टी आणि आपली दृष्टी यांत एक अंतर आहे. आपण आपल्यांसाठी बांधली. त्यांनी, कोणास जागा नाही हे आधी पाहिले व मग बांधली.

१९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषण केले. १ मेस आरंभ झाला, १० मेस समाप्ती. या प्रसंगाचे वर्णन करताना मंदिराच्या दाराचीच चर्चा होते. परंतु उपोषणास बसण्यासाठीही छप्पर लागते. तनपुरे महाराजांनी आपला मठ त्यांच्यासाठी मोकळा केला. गावातील पुष्कळांचा रोष ओढवणारी ही गोष्ट होती. एका मठाने दार उघडले म्हणून देवळाचे दार उघडण्याचा मार्ग सुकर झाला, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

पुढे राज्यघटना आली, आणि १९५५ सालच्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने हॉटेले, धर्मशाळा व सराया यांत जातीवरून मज्जाव करणे हा गुन्हा ठरला. त्यामुळे आज पंढरपुरातील वा अकलुजातील हॉटेलाच्या गल्ल्यावर उतारूस आडनावापलीकडे कोणी काही विचारीत नाही. विचारतात ते भाड्याचे. हॉटेलाची ही बाजू त्याच्या टीकाकारांनी कधीच लक्षात घेतली नाही. ज्या ओसरीवर ज्यांचे आजोबा उभे राहू शकत नव्हते, त्यांचे नातू आज पैसे मोजून पलंगावर निजतात. तथापि पैशाचे दारही दारच आहे. यात्रेच्या आठवड्यात खोल्यांचे भाव किती चढतात, हे ज्यांनी अनुभवले त्यांस सांगणे नलगे. दिवसा सर्व एक आणि रात्री निराळे, ही जुनी विभागणी जातीच्या ऐवजी पैशावर पुन्हा उभी राहत आहे. आम्हांस हॉटेलाविषयी खटकते ते त्यातील गादी नव्हे, हे आहे.

ही अडचण एकट्या महाराष्ट्राची नाही. स्पेन देशात सान्तियागो दे कोम्पोस्तेला या ख्रिस्ती क्षेत्री शेकडो वर्षे लोक पायी जात आले आहेत. तेथे राजा फर्दिनांद व राणी इसाबेला यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस थकल्याभागल्या यात्रेकरूंसाठी एक भव्य रुग्णालय-धर्मशाळा बांधण्याची आज्ञा दिली. तीच इमारत १९५४ साली उंची हॉटेल झाली! ज्यांच्यासाठी बांधली त्यांतील बहुतेकांस आता तिचे भाडे परवडत नाही. तरीही त्या वाटेवर यात्रेकरूंसाठी स्वस्त सामाईक निवारे जागोजाग आहेत, आणि पायी येणाऱ्याने शेवटचे १०० किलोमीटर तरी चालून, मुक्कामामुक्कामाचे शिक्के दाखविल्याखेरीज त्यास यात्रेचे प्रमाणपत्र मिळत नाही. शिक्का कोठला आहे ते पाहतात; निजला कोठे ते विचारीत नाहीत. आपल्याकडे तर शिक्काही नाही, कोणी पाहणारही नाही. विठोबाच्या दारी हिशेब ठेवण्याची पद्धत नाही, हे आपले भाग्यच.

मग हॉटेलात उतरणारा काही गमावतो की नाही? गमावतो, आणि ते आमच्या मते पुष्कळ आहे. सायंकाळी पालखी तळावर पोहोचली की सर्व दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार दंड उंचावतो, आणि क्षणात सर्वत्र शांतता पसरते. मग दिवसभरात हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची नावे पुकारली जातात, कोणा दिंडीची तक्रार असेल तर ती ऐकली जाते, उद्याच्या निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि समाजआरती होते. कोणाचा तांब्या, कोणाची पिशवी, कोणाचे नातवंड. लाखांचा तो समुदाय त्या घटकेला एका कुटुंबासारखा वागतो. त्यानंतर कीर्तन आणि जागर. पंगतीत शेजारी कोण बसला हे आज बहुतेक दिंड्यांत कोणी पाहत नाही, आणि ज्यांच्या आज्यांनी निरनिराळ्या चुलींवर स्वयंपाक केला त्या स्त्रिया आज एकाच परातीत पीठ मळतात. जुना भेद जर खरोखर कोठे विरघळत असेल तर तो त्या परातीजवळ. नेमका तोच प्रहर हॉटेलात निघून जाणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

यास्तव वडीलधाऱ्यांनी आक्षेप घ्यावा तो सुखसोयीवर घेऊ नये. विशेषतः भगिनींच्या बाबतीत. उघड्यावर स्नान व शौच यांच्या धास्तीने कित्येक स्त्रिया दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात. अलीकडे ‘निर्मल वारी’च्या उपक्रमातून फिरती शौचालये ठेवली जातात, पंढरपुरात नदीपलीकडे ६५ एकरांवर दिंड्यांस तंबूंची जागा मिळते, मंदिर समितीचे भक्तनिवास आहे. दोन्ही पालखीमार्गांच्या रुंदीकरणाचा पायाही नोव्हेंबर २०२१ मध्ये घातला गेला असून त्यात दुतर्फा पायी चालणाऱ्यांसाठी वेगळा पट्टा योजलेला आहे. या गोष्टी झाल्या त्या उत्तम झाल्या. मालकीणबाईंनी चिखलात निजावे आणि यजमानांनी त्याचे पुण्य सांगत फिरावे, असल्या भक्तीचे आम्हांस कौतुक नाही.

जाता जाता एक गोष्ट. पौर्णिमेस गोपाळपुरास काला झाला की पालख्या परत फिरतात. पूर्वी वारकरी गेले तसे पायीच परतत. आज परतीचे टप्पे मोठे आणि माणसे मोजकी असतात. तंबूत निजणारे आणि हॉटेलात निजणारे, दोघेही तोवर एस. टी.ने घरी पोहोचलेले असतात. जाणाऱ्या वाटेवरील कष्टांचा अभिमान मिरविणाऱ्यांनी या परतवारीचाही विचार करावा.

राहिला आपल्या ज्ञातीच्या वास्तूचा प्रश्न. जुन्या खोल्या पाडून संलग्न स्नानगृहाच्या खोल्या बांधाव्यात व त्या सभासद-कुटुंबांसाठी राखून ठेवाव्यात, अशी सूचना येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. स्नानगृहे अवश्य व्हावीत, आणि त्यासाठी आम्हीही यथाशक्ति वर्गणी देऊ. परंतु ‘राखून’ या शब्दाविषयी आमचे म्हणणे असे की, वर्षभर सभासदांस अग्रक्रम असू द्यावा. आषाढ शुद्ध नवमीच्या दिवशी मात्र, पालख्या वाखरीस येऊन थांबलेल्या असताना, तळमजल्याचे सभागृह व त्यालगतची शौचालये येईल त्या वारकऱ्यास आडनाव न विचारता खुली करावीत, आणि पौर्णिमेच्या काल्यापर्यंत तशीच ठेवावीत. खर्चाचा अंदाज खजिनदारांनी सभेपूर्वी तयार करावा. पाणी भरण्यास व रात्री दारावर बसण्यास माणसे लागतील. त्यासाठी आपल्या तरुण मंडळींनी, हॉटेलात उतरणाऱ्यांनी सुद्धा, आताच नावे द्यावीत.